विश्लेषण : आयुर्वेद, होमिओपॅथी, निसर्गोपचार… या उपचारांकडे नेमके कोण वळते आणि का?

एका सरकारी पाहणीनुसार देशातील जवळपास निम्मे लोक वर्षभरात कधी ना कधी ‘आयुष’चा वापर करतात. दुसऱ्या सरकारी पाहणीनुसार आजारी पडल्यावर १०० पैकी सुमारे ९५ वेळा उपचार ॲलोपॅथीचेच घेतले जातात. दोन्ही आकडे खरे असतील, तर या उपचारांकडे जाणारा माणूस नेमका कोण? तो अशिक्षित आहे, गरीब आहे, की डॉक्टरांवर चिडलेला आहे? आणि ‘डॉक्टरांना सांगू नका’ असे म्हणत घेतलेली पुडी कधी महागात पडते?

आकडे परस्परविरोधी का दिसतात?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७९व्या फेरीत जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात आयुषवर देशातील पहिली स्वतंत्र पाहणी झाली. १ लाख ८१ हजारांहून अधिक कुटुंबांकडून माहिती घेण्यात आली. ग्रामीण भागात १५ वर्षे व त्यावरील ९५ टक्के, तर शहरी भागात ९६ टक्के लोकांना आयुषविषयी माहिती असल्याचे त्यात दिसले. मागील ३६५ दिवसांत प्रतिबंधासाठी किंवा उपचारासाठी आयुषचा वापर केल्याचे ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ५३ टक्के लोकांनी सांगितले.

याच यंत्रणेच्या आरोग्यविषयक पाहण्या मात्र वेगळे चित्र दाखवतात. २०१४ मधील ७१व्या फेरीत सुमारे ९० टक्के आजारांवर ॲलोपॅथीचे उपचार घेतले गेले होते. आयुष आणि इतर उपचारांचा वाटा पाच ते सात टक्के होता. २०१७-१८ च्या ७५व्या फेरीत ॲलोपॅथीचा वाटा सुमारे ९५ टक्क्यांवर गेला.

फरक प्रश्नात आहे. आरोग्य पाहणीत ‘गेल्या १५ दिवसांत आजारी पडलात का आणि कोणता उपचार घेतलात’ असे विचारले जाते. आयुष पाहणीत कालावधी वर्षाचा होता आणि आजार नसताना केलेला वापरही धरला गेला. प्रत्यक्षात या पाहणीनुसार आयुषचा वापर प्रामुख्याने प्रकृती सुधारण्यासाठी आणि आजार टाळण्यासाठी होतो. म्हणजे ताप चढला, छातीत दुखू लागले की पावले ॲलोपॅथीच्या दवाखान्याकडे वळतात. आजार टाळण्यासाठी, पचनासाठी, सांध्यांसाठी तोच माणूस आयुर्वेद किंवा योगाचा आधार घेतो. ‘ॲलोपॅथीवाले’ आणि ‘आयुर्वेदवाले’ असे समाजाचे दोन गट नसतात. बहुतेक घरांत एकाच फडताळात दोन्हीची औषधे शेजारी शेजारी असतात.

‘पूरक’ आणि ‘पर्यायी’ यांत फरक काय?

हा फरक कागदावर लहान वाटतो, पण रुग्णासाठी निर्णायक ठरतो. नेहमीचे उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला घेतलेला उपचार पूरक. नेहमीचे उपचार बंद करून किंवा सुरूच न करता घेतलेला उपचार पर्यायी. मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवून योगासने करणे हा पूरक वापर झाला. गोळ्या बंद करून केवळ काढ्यावर राहणे हा पर्यायी वापर झाला.

भारतात या पद्धतींना सरकारी मान्यता आहे, त्यांची महाविद्यालये आहेत, पदव्या आहेत. केंद्रात १९९५ मध्ये भारतीय चिकित्सा पद्धती व होमिओपॅथीसाठी वेगळा विभाग झाला, २००३ मध्ये त्याला ‘आयुष’ हे नाव मिळाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी या पद्धती त्याखाली येतात. गावातला हाडवैद्य, कावीळ उतरवणारा, ‘खात्रीशीर इलाज’ अशी पाटी लावून रस्त्याकडेला तंबू ठोकणारा हे यात बसत नाहीत. लोकांच्या बोलण्यात मात्र हे सगळे ‘गावठी औषध’ किंवा ‘आयुर्वेदिक’ या एकाच नावाखाली येतात. पदवीधर वैद्य आणि तंबूतला वैदू यांच्यातील फरक त्यामुळे पुसला जातो, आणि त्याचा फायदा नेहमी दुसऱ्याला होतो.

या उपचारांकडे जाणारे कोण असतात?

गरीब आणि कमी शिकलेले लोकच अशा उपचारांकडे जातात, हा समज आकडेवारीत टिकत नाही. ७१व्या फेरीतील माहितीचे विश्लेषण करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ६.९ टक्के लोकांनी आयुष सेवा घेतल्याचे त्यात आढळले. शहर आणि खेडे यांत लक्षणीय फरक नव्हता. छत्तीसगड, केरळ आणि पश्चिम बंगाल या राज्यांत वापर अधिक होता आणि ग्रामीण भागात या सेवा पुरवण्यात सरकारी केंद्रांचा वाटा महत्त्वाचा होता.

सर्वात बोलका निष्कर्ष उत्पन्नाविषयीचा होता. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांत आयुषचा वापर कमी होता, तर गरीब आणि श्रीमंत अशा दोन्ही टोकांना तो जास्त होता. दोन्ही टोकांच्या वाटा मात्र वेगळ्या होत्या. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांत स्वतःच्या मनाने आयुष औषधे घेण्याकडे कल अधिक होता. एकाच्या बाबतीत ही निवड असते. दुसऱ्याच्या बाबतीत हाताशी जे आहे त्यावर भागवणे असते. पाच हजारांचे पंचकर्म आणि गावच्या दुकानातली दहा रुपयांची पुडी सरकारी तक्त्यात एकाच रकान्यात जातात.

‘आयुर्वेद स्वस्त म्हणून लोक घेतात’ हेही पूर्ण खरे नाही. आयुष आणि ॲलोपॅथीच्या औषधांवरील सरासरी खर्चात फार मोठी तफावत नसल्याचे त्याच अभ्यासात दिसले.

परदेशांतील चित्रही असेच आहे. अमेरिकेत १९९० मध्ये ३४ टक्के लोकांनी वर्षभरात किमान एक अपारंपरिक उपचार घेतला होता. १९९७ मध्ये हे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले. १९९८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १,०३५ लोकांना थेट ‘का’ असा प्रश्न विचारला. असे उपचार घेणाऱ्यांत जास्त शिकलेले लोक अधिक होते. त्यांची प्रकृती इतरांपेक्षा वाईट होती. शरीर, मन आणि जगण्याची पद्धत यांचा एकत्र विचार व्हावा, असे त्यांना वाटत होते. डॉक्टरांवरील नाराजी हे मात्र या निवडीमागचे कारण ठरत नव्हते. केवळ पर्यायी उपचारांवर प्रामुख्याने विसंबणारे अवघे ४.४ टक्के होते. असे उपचार घेणारे उरलेले बहुतेक जण दोन्हीकडे जात होते.

कोणत्या आजारांसाठी लोक हा मार्ग निवडतात?

भारतात दीर्घकालीन आजार, त्वचेचे विकार आणि हाडे-स्नायूंची दुखणी यांसाठी आयुषचा वापर जास्त होतो. अमेरिकेतील अभ्यासातही पाठदुखी, जुनाट वेदना आणि चिंता हेच आजार पुढे होते. या यादीत एक सूत्र आहे. हे आजार एका गोळीने बरे होत नाहीत, पटकन जीवही घेत नाहीत, पण माणसाला वर्षानुवर्षे त्रास देतात. तपासणीत ‘सगळे नॉर्मल आहे’ असे येते आणि दुखणे मात्र जात नाही. डॉक्टर ‘यासोबत जगायला शिका’ म्हणतात. तेव्हा ‘मुळापासून बरे करू’ म्हणणारा माणूस जवळचा वाटतो.

दुसरा गट आहे लाजेच्या आणि भीतीच्या आजारांचा. मूळव्याध, भगंदर, मूल न होणे, लैंगिक समस्या यांविषयी उघड बोलणे अवघड जाते. मुतखडा किंवा गुडघ्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेची धास्ती असते. ‘ऑपरेशनशिवाय’ हा एक शब्द जाहिरातीत असला की अर्धे काम झालेले असते. आयुष्यभर गोळी घ्यावी लागेल, हे ऐकल्यावर मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्णही दुसरे दार ठोठावतात. गोळ्यांचे दुष्परिणाम, ‘सवय लागेल’ ही भीती आणि दर महिन्याचे बिल ही कारणे त्यात मिसळतात.

दवाखान्यात मिळत नाही असे तिथे काय मिळते?

पहिले उत्तर वेळ हे आहे. विविध देशांतील प्राथमिक तपासणीच्या कालावधीचा आढावा २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ने प्रसिद्ध केला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी २२ मिनिटांहून अधिक वेळ देतात. भारतात हा वेळ सुमारे दोन मिनिटांचा होता. होमिओपॅथ किंवा वैद्य पहिल्या भेटीत झोप, भूक, स्वप्ने, राग, आवडीनिवडी, घरची परिस्थिती असे सगळे विचारतात. आपले म्हणणे कुणीतरी पूर्ण ऐकले, हा अनुभव अनेकांना तिथे पहिल्यांदा येतो.

त्याचा परिणाम केवळ मानसिक समाधानापुरता नसतो. २००८ मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आतड्यांच्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या त्रासाच्या २६२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला नुसते प्रतीक्षा यादीत ठेवले. दुसऱ्याला खोटे ॲक्युपंक्चर दिले, त्यात सुई त्वचेत शिरतच नव्हती. तिसऱ्याला तेच खोटे ॲक्युपंक्चर, पण आपुलकीने चौकशी करणाऱ्या, धीर देणाऱ्या माणसाकडून मिळाले. पुरेसा आराम पडल्याचे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात ६२ टक्के रुग्णांनी सांगितले. औषध कुणालाच दिलेले नव्हते.

दुसरे उत्तर भाषेचे आहे. ‘पित्त वाढले’, ‘वात धरला’, ‘अंगात उष्णता आहे’ या गोष्टी मराठी घरांत लहानपणापासून कानावर पडतात. काय खावे, काय टाळावे हे वैद्य सांगतो आणि रुग्णाला स्वतःसाठी काही करता येते. रिपोर्टवरील इंग्रजी शब्द आणि ‘ही गोळी दोनदा घ्या’ एवढ्यावर ते समाधान मिळत नाही. पथ्य पाळताना घरातली माणसे सहभागी होतात, आजीचा सल्ला उपयोगी पडतो. पाहणीत सुमारे ८५ टक्के कुटुंबांत किमान एकाला तरी औषधी वनस्पती आणि घरगुती औषधांची माहिती असल्याचे दिसले, ते याच परंपरेमुळे.

तिसरे उत्तर शेजारच्या माणसाचे आहे. ‘आमच्या मावशींना गुण आला’ या वाक्याइतके वजन कुठल्याही संशोधन अहवालाला नसते. आता हेच वाक्य व्हॉट्सॲपवरून फिरते आणि मावशी कोणाची, हे कुणी विचारत नाही.

‘मला गुण आला’ यावर विश्वास ठेवावा का?

गुण आला हे खरे असू शकते. तो औषधाने आला का, हा वेगळा प्रश्न आहे. जुनाट दुखण्यात चढउतार असतात. दुखणे शिगेला पोहोचते तेव्हाच माणूस नवा उपचार शोधतो आणि त्यानंतर ते तसेही उतरणारच असते. श्रेय शेवटच्या उपचाराला जाते.

कावीळ हे याचे ठळक उदाहरण. दूषित पाण्यातून होणारी ‘हिपॅटायटिस ए’ प्रकारची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात गळ्यात काविळीची माळ घातली, तर माळ लांबत जाते आणि कावीळ उतरत जाते असे दिसते. माळेतील ओल्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. आजार उतरणे आणि माळ लांबणे एकाच वेळी घडते, एवढेच. पण कावीळ पित्ताच्या खड्यामुळे, यकृत निकामी होत असल्यामुळे किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळे झाली असेल, तर माळेत गेलेले तीन आठवडे परत मिळत नाहीत.

म्हणूनच चाचण्यांमध्ये खऱ्या उपचाराची तुलना खोट्या उपचाराशी केली जाते. जर्मनीत २००७ मध्ये कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, खोट्या ॲक्युपंक्चरने ४४.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना फरक पडला. सुया नेमक्या कुठे टोचल्या याला फारसे महत्त्व नव्हते. पण नेहमीचे उपचार दोघांच्याही मागे पडले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

यातील काहीच सिद्ध झालेले नाही का?

तसे म्हणणे चुकीचे ठरेल. सर्पगंधेवरील रक्तदाबाचे संशोधन मुंबईतले आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम मांडला. त्यातील रिसर्पिन हे द्रव्य पुढे जगभर वापरले गेले. चीनच्या तू यूयू यांनी पारंपरिक ग्रंथांतील उल्लेखावरून आर्टेमिसिनिन हे मलेरियावरील औषध शोधले आणि त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. दोन्ही उदाहरणांत परंपरेने दिशा दाखवली, पण औषध मान्य झाले ते मात्रा ठरवून आणि परिणाम मोजून.

पाठदुखीच्या बाबतीत तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, ॲक्युपंक्चर, तसेच जुनाट दुखण्यासाठी योग यांचा विचार करण्याची शिफारस केली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला योग देऊन त्याची चाचणी घेतली आहे.

दुसरीकडे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये होमिओपॅथीवरील अभ्यासांचा आढावा घेतला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नसल्याचा निष्कर्ष तिने काढला. म्हणजे ‘आयुष’ हा शब्द एक असला तरी त्यातील प्रत्येक पद्धतीमागचा, किंबहुना प्रत्येक औषधामागचा पुरावा वेगळा तपासावा लागतो.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ हे कितपत खरे?

ज्या वनस्पतीत गुण करण्याची ताकद आहे, तिच्यात अपाय करण्याचीही असू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि जास्त घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कारल्याचा रस किंवा मेथीची पूड मोठ्या प्रमाणात घेतली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. करोनाकाळात गुळवेलीचा वापर प्रचंड वाढला. त्यानंतर मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली गेली नसल्याचे म्हटले. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असण्याची शक्यता मानली, तरी रुग्णापुढचा प्रश्न उरतोच. पुडीत नेमके काय आहे, हे त्याला कळणार कसे?

धातूंचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्के उत्पादनांत हे धातू सापडले. रसशास्त्रानुसार भस्मे योग्य संस्कारांनंतर निर्धोक होतात, असे वैद्य सांगतात. पण तो संस्कार झाला की नाही, हे डबीच्या लेबलवरून समजत नाही. दमा आणि सांधेदुखीवरील बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळण्याचे प्रकारही डॉक्टरांना नवे नाहीत. दोन दिवसांत चमत्कार वाटावा असा आराम पडतो. चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे नंतर येते.

धोका सर्वात मोठा कधी असतो?

उशीर झाला की. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत महत्त्वाचा आहे. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याचा, शरीरात इतरत्र न पसरलेला कर्करोग असताना केवळ पर्यायी उपचार निवडलेले २८१ रुग्ण त्यांनी तपासले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटींहून अधिक होता. हे रुग्ण तुलनेने तरुण, अधिक शिकलेले आणि अधिक उत्पन्न असलेले होते.

त्याच वर्षी या संशोधकांनी दोन्ही उपचार एकत्र घेणारे २५८ रुग्णही पाहिले. त्यांच्यातही मृत्यूचा धोका दुप्पट होता. कारण पूरक उपचार विषारी होते असे नाही. त्या गटातील ३४ टक्के रुग्णांनी केमोथेरपी आणि ५३ टक्के रुग्णांनी रेडिएशन नाकारले होते. इतर रुग्णांत नकाराचे हे प्रमाण जेमतेम दोन ते तीन टक्के होते. पूरक म्हणून सुरू झालेला उपचार हळूहळू पर्यायी होतो तो असा. ‘आधी महिनाभर हे करून बघू’ या वाक्यात तो बदल घडतो आणि घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही.

महाराष्ट्रात गोंधळ अधिक का?

कारण पाटीवरची पदवी आणि हातातली चिठ्ठी यांचा मेळ नेहमी बसत नाही. राज्यात अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीएएमएस वैद्यकीय अधिकारी काम करतात. लहान गावांत आणि शहरांतील वस्त्यांत पहिला ‘डॉक्टर’ बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएसच असतो. एमबीबीएस डॉक्टर जिथे जात नाहीत, तिथे रात्री-अपरात्री तोच दार उघडतो. तिथे मिळतात मात्र बहुतेक वेळा इंजेक्शन, सलाईन आणि ॲलोपॅथीच्या गोळ्या. त्यामुळे आयुषच्या दवाखान्यात जाणारा प्रत्येक जण आयुषचा उपचार घेतो, असे धरता येत नाही.

यावर कायद्याची लढाई जुनी आहे. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्यानंतर रुग्ण दगावल्याच्या मुंबईतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या डॉक्टरला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा भोंदूच ठरतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढे २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथना मर्यादित प्रमाणात ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट त्यामुळे खुली झाली. २०२५ मध्ये त्यांची महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी करण्याचा प्रश्न पेटला आणि डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. एका बाजूला ग्रामीण भागातील डॉक्टरांची टंचाई, दुसऱ्या बाजूला रुग्णाची सुरक्षितता, असा हा तिढा आहे.

जाहिरातींना लगाम आहे का?

कायदा १९५४ पासून आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या या कायद्याच्या अनुसूचीत ५४ आजार व विकार आहेत. कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम घालून आयुष औषधांच्या जाहिरातींसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक करण्यात आली. तो नियम वगळण्याची अधिसूचना आयुष मंत्रालयाने २०२४ मध्ये काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पतंजलीच्या जाहिरातींवरून त्याच वर्षी न्यायालयाने कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागायला लावली. २०२५ मध्ये न्यायालयाने हे प्रकरण बंद केले. दरम्यान जाहिरात वृत्तपत्रातून मोबाइलच्या छोट्या व्हिडीओत गेली आहे. तिथे कोण काय दावा करतो, हे तपासणे यंत्रणांना अधिकच जड जाते.

मग रुग्णाने काय करावे?

सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लपवू नये. १९९० च्या अमेरिकी पाहणीत असे उपचार घेणाऱ्या ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितले नव्हते. आपल्याकडे ‘डॉक्टर रागावतील’ ही भीती मोठी आहे आणि ती नेहमी निराधार नसते. रागावणारा डॉक्टर रुग्णाला सुधारत नाही, फक्त गप्प करतो. ‘आणखी काही घेता का, काढा, चूर्ण, पुडी?’ हा साधा प्रश्न डॉक्टरांनीच विचारला, तर अनेक घोटाळे टळतील.

रुग्णाच्या बाजूने काही गोष्टी पाळता येतात. निदान आधी पक्के करून घ्यावे, उपचार कोणताही निवडला तरी. कारण नसताना वजन घटणे, न दुखणारी गाठ, रक्त पडणे, छातीत दुखणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे, सर्पदंश यांत ‘करून बघू’ला जागा नाही. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, थायरॉइड यांची चालू गोळी परस्पर बंद करू नये. बिननावाची पुडी घेऊ नये. डबीवर परवाना क्रमांक, घटक, उत्पादनाची तारीख असावी. विषारी घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना बंधनकारक असते, ती वाचावी. वैद्याची किंवा होमिओपॅथची नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. शस्त्रक्रियेपूर्वी, गरोदरपणात आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना घरगुती औषधाविषयीही डॉक्टरांना सांगावे. ‘किती दिवसांत फरक पडेल आणि न पडल्यास पुढे काय?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा. ज्याच्याकडे त्याचे उत्तर नाही, त्याच्याकडे थांबू नये.

एप्रिल २०२४ पासून आरोग्य विम्यात आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवण्याचा नियम लागू झाला आहे. गोव्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय उभे राहिले आहे. उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमासारख्या जुन्या संस्थांकडे आजही रुग्ण जातात. हे उपचार कमी होणार नाहीत, वाढणारच आहेत. सरकारी केंद्रात वैद्य आणि डॉक्टर एकाच छताखाली बसतात, पण अनेकदा दोघांचे केसपेपर वेगळे असतात. एका रुग्णाचा एकच केसपेपर असावा आणि त्यावर गोळी आणि काढा दोन्हींची नोंद असावी, एवढे झाले तरी रुग्णाला निम्मी औषधे लपवून ठेवावी लागणार नाहीत.